पिंजऱ्यातली अंडी, नाश्त्याची हॉटेलं आणि आमच्या घरातली सह्यांची मोहीम

मेघना_आयोवा
१३ एप्रिल २०२५, रात्री ९:४०

आमची धाकटी यंदा दहावीत. परवा जेवताना तिने फोन माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "आई, इथे सही कर." नाश्त्यासाठी प्रसिद्ध अशी एक साखळी आहे. तिने काही वर्षांपूर्वी जाहीर केलं होतं की २०२५ संपायच्या आत आमच्या सगळ्या हॉटेलांत केज-फ्री, म्हणजे पिंजऱ्याबाहेरच्या कोंबड्यांचीच अंडी असतील. आता ते वचन त्यांच्या संकेतस्थळावरून गुपचूप गायब झालंय. म्हणून मुलांनी मोहीम काढलीय. आधी सह्या, मग फोन, मग दारासमोर फलक.

एरवी सही करून मोकळी झाले असते. पण मी हॉटेलांना माल पुरवणाऱ्या कंपनीत खरेदी विभागात आहे, अंडी माझ्याच टेबलावर असतात आणि ही साखळी आमचं गिऱ्हाईक आहे. (नाव लिहीत नाही, विचारू नका.)

शिवाय बाजार बघताय ना? बर्ड फ्लूमुळे मार्चमध्ये डझनाचा सरासरी भाव ६ डॉलर २३ सेंटवर गेला, आजवरचा उच्चांक. वॉफल हाउस नावाच्या हॉटेलांनी यंदा फेब्रुवारीत दर अंड्यामागे ५० सेंट जास्त घ्यायला सुरुवात केली. अशात हॉटेलवाल्याला आणखी महागाचं अंडं घे म्हणणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

अशा सह्यांनी खरंच काही हलतं का? कोणी जवळून पाहिलं असेल तर लिहा.

---

शंकासुर
१३ एप्रिल, रात्री १०:०५

काही हलत नाही. कंपनी दहा वर्षांपुढची तारीख देते, टाळ्या घेते. तारीख येईपर्यंत साहेब बदललेला असतो आणि सह्या करणारी पोरं नोकरीला लागलेली असतात.

---

पोटोबा_आधी
१३ एप्रिल, रात्री १०:१८

मूळ प्रश्न असा आहे की अंडं शाकाहारी की

---

व्यवस्थापक
१३ एप्रिल, रात्री १०:२१

त्याचा धागा वेगळा आहे, तिथे ६४० प्रतिसाद झालेत. इथे नको.

---

पोटोबा_आधी
१३ एप्रिल, रात्री १०:२२

वाक्य तरी पूर्ण करू द्या हो!

---

जुना_शिकागोकर
१४ एप्रिल, सकाळी ७:३०

शंकासुरांशी असहमत. एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे. मॅकडोनाल्ड्सचं मुख्यालय २०१८ पर्यंत आमच्या बाजूला, ओक ब्रुकला होतं. एरवी तिथे चिटपाखरू नसायचं. पण कधी कधी फलक घेतलेली दहाबारा माणसं रस्त्याकडेला उभी दिसायची. कोंबडीचा पोशाख घातलेला एखादा हमखास. आम्ही हसायचो, खोटं कशाला बोलू.

पण शेवटी मॅकडोनाल्ड्स केज-फ्री झालंच, फक्त ते एकदोन वर्षांत झालेलं नाही. २००० साली प्राणिहक्कवाल्यांच्या मोहिमेनंतर मॅकडोनाल्ड्सने पुरवठादारांना अट घातली की पिंजऱ्यात दर कोंबडीला निदान ७२ चौरस इंच जागा हवी. आपला ए-फोर कागद ९६ चौरस इंचांच्या वर भरतो, म्हणजे कागदाच्या पाऊणभर. आणि ही त्या वेळची सुधारणा बरं का!

मग २०११. मिनेसोटातल्या स्पारबो नावाच्या अंडी कंपनीच्या शेडांमध्ये एका संस्थेने लपवलेल्या कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि ते टीव्हीवर आलं. मॅकडोनाल्ड्स आणि टार्गेट ही दुकानांची साखळी, दोघांनीही त्या कंपनीकडून माल घेणं तडकाफडकी बंद केलं. त्याच वर्षापासून मॅकडोनाल्ड्स अमेरिकेत थोडी केज-फ्री अंडी घेऊ लागलं, वर्षाला १ कोटी ३० लाख. आकडा मोठा वाटतो, पण त्यांची एकूण खरेदी होती दोनशे कोटींची. शंभरात एकसुद्धा नाही. शिंतोडे उडवले म्हणून सडा होत नाही.

९ सप्टेंबर २०१५ ला त्यांनी जाहीर केलं की अमेरिका आणि कॅनडात दहा वर्षांत सगळी अंडी केज-फ्री. त्याच ऑक्टोबरात त्यांचा दिवसभर नाश्ता सुरू झाला, म्हणजे अंड्यांची गरज वाढणारच होती. बर्गर किंगने असं वचन २०१२ सालीच दिलं होतं, पण मॅकडोनाल्ड्सने म्हटल्यावर बाकीच्यांची धांदल उडाली. वर्षभरात शंभरावर कंपन्यांनी तशीच वचनं दिली. टाको बेलने तर २०१६ संपायच्या आत करूनही दाखवलं.

आणि शंकासुरराव, मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेतलं वचन मुदतीच्या दोन वर्षं आधी पुरं केलं. त्या कोंबडीच्या पोशाखातल्या माणसाला आता हसवत नाही.

---

शंकासुर
१४ एप्रिल, सकाळी ९:१२

मान्य, एकाने केलं. पण याला "ग्राहकांचा दबाव" म्हणू नका. कॅलिफोर्नियात २००८ साली पिंजऱ्यांविरुद्ध मतदान झालं, ६३ टक्के लोकांनी होय म्हटलं. २०१८ ला पुन्हा, आणखी कडक कायद्याला तितकीच मतं. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१६ ला तर चारातले तीन बाजूने. आता सांगा, हेच लोक दुकानात कुठलं खोकं उचलत होते? सगळ्यात स्वस्त. २०१५ सालीसुद्धा देशातल्या अंड्यांच्या कोंबड्यांपैकी केज-फ्री दहा टक्क्यांच्या आत होत्या. मत देताना साधू, पैसे देताना वाणी. मी पण तसलाच आहे, म्हणून सांगतोय.

---

मेघना_आयोवा
१४ एप्रिल, दुपारी १२:५०

(जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.)

शंकासुर, तुमचं हे निरीक्षण बरोबर आहे आणि हॉटेलांच्या मागे लागायचं कारणही तेच आहे. दुकानात रोज लाखो माणसं फळीसमोर उभी राहून ठरवतात. वॉलमार्टने २०१६ साली २०२५ ची मुदत घातली होती, ती पाळली जात नाहीये. "गिऱ्हाईकच स्वस्त उचलतं, आम्ही काय करणार?" असं त्यांना म्हणता येतं. हॉटेलात गिऱ्हाईक अंडं निवडत नाही. ते ऑम्लेट निवडतं. अंडं निवडतो खरेदी विभागातला एक माणूस, वर्षातून एकदा करार करताना. म्हणजे लाखोंचं मन वळवण्याऐवजी एकाला घाबरवायचं. हो, घाबरवायचंच. आमच्या बैठकांत "कोंबड्यांचं भलं" हा शब्द मी क्वचित ऐकलाय. "उद्या आपलं नाव व्हिडिओत आलं तर?" हा रोज.

ताटात अंड्याचा वाटाही थोडाच असतो. तेरा डॉलरच्या नाश्त्यात जागेचं भाडं, पगार, कॉफी आणि मग दोन अंडी. दुकानातल्या खोक्यात मात्र अंड्यांशिवाय दुसरं काही नसतं, फरक लगेच डोळ्यांत भरतो.

करारांचीही एक गंमत. साध्या अंड्यांचा घाऊक भाव रोज वरखाली होतो. केज-फ्रीचे करार बहुतेक खर्चावर बांधलेले असतात: खाद्य, शेड, अधिक ठरलेला नफा. त्यामुळे २०२२-२३ च्या बर्ड फ्लूमध्ये उलटंच झालं. काल-मेन ही इथली सगळ्यात मोठी अंडी कंपनी, तिला साध्या अंड्यांचा भाव केज-फ्री वगैरे खास अंड्यांपेक्षा जास्त मिळत होता. आधी करार करून बसलेले तेव्हा सुखात होते. म्हणजे मी काल लिहिलेलं तेराव्या महिन्याचं माझ्याच फायलींनी खोडलं म्हणा.

---

तात्या_विटेकर
१४ एप्रिल, रात्री ११:५० (भारतीय वेळ)

ताई, वाचून करमणूक झाली. आमची सांगली जिल्ह्यात विट्याला लेअर पोल्ट्री, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या, वडिलांपासून. आता तुम्हाला गंमत सांगतो. तुमचं हे केज-फ्री म्हणजे आमची गादी पद्धत. जमिनीवर भाताचं तूस टाकायचं, त्यावर कोंबड्या मोकळ्या, कडेला अंडी घालायला खोकी. माझ्या लहानपणी आमच्याकडं तीच होती. पिंजरे नंतर आले आणि आल्यावर वडील म्हणाले, सुटलो बाबा!

का सुटलो? गादीवर रक्ती हगवण लागली की शेडच्या शेड बसायचं, कारण पक्षी आपल्याच विष्ठेत चोच मारतो. पावसाळ्यात तूस ओलं झालं की अमोनियानं डोळ्यांतून पाणी. कोंबड्या खोकं सोडून कोपऱ्यात अंडी घालणार, त्यावर बसणार, फोडून खाणार. एक खायला शिकली की चार दिवसांत पन्नास शिकतात. पहाटे उठून वाकून वाकून अंडी वेचायचं काम आम्हा पोरांचं. पिंजऱ्यात अंडं आपोआप घरंगळत पुढं येतं, स्वच्छ. विष्ठा खाली पडते. मरतूक कमी, माणसं कमी.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल तात्या धंद्याचीच बाजू मांडतोय. आमच्याकडं पंधरा बाय बारा इंचाच्या कप्प्यात तीन पक्षी. भागाकार करा, ६० चौरस इंच. पंख पसरता येत नाहीत. तलंग, म्हणजे अंड्यावर यायची कोवळी कोंबडी, पिंजऱ्यात घातली की दीड वर्षानं काढायची, तोवर तिथंच. काढताना हाडं काडीसारखी. मी ते बघतो आणि बघत नाही. दोन्ही खरं आहे.

---

मेघना_आयोवा
१४ एप्रिल, रात्री ९:१५

तात्या, तुमचे आक्षेप इथल्या अभ्यासातही उमटलेत. २०१५ च्या मार्चमध्ये एक मोठा अभ्यास आला. मॅकडोनाल्ड्स स्वतः त्यात सहभागी होतं, मिशिगन स्टेट आणि कॅलिफोर्निया-डेव्हिस विद्यापीठांचे लोक होते. एकाच ठिकाणी तीन तऱ्हेची शेडं: नेहमीचे पिंजरे, सोयी असलेले मोठे पिंजरे आणि मजल्यामजल्यांचं मोकळं शेड. मोकळ्या शेडात मरतूक पिंजऱ्याच्या दुपटीहून जास्त निघाली. धूळ आणि अमोनिया जास्त, म्हणजे आत काम करणाऱ्या माणसांच्या छातीला त्रास. अंड्याचा खर्च ३६ टक्क्यांनी वर. कोंबड्यांच्या पायांची, पंखांची हाडं मात्र मजबूत होती, कारण त्या चालतात, उडतात. पण उडताना दांड्यांवर आपटून छातीचं हाड मोडण्याचं प्रमाणही जास्त.

हे सगळं हातात असूनसुद्धा सहा महिन्यांत मॅकडोनाल्ड्सने केज-फ्रीच निवडलं. मला ते फार बोलकं वाटतं. "सोयी असलेला पिंजरा" हे खोक्यावर छापता येत नाही.

मी दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त अशा एका शेडात गेले होते. पांढरा अंगरखा, बूट जंतुनाशकात बुडवून आत. डोळ्यांसमोर हिरवं कुरण असेल तर विसरा. खिडकी नाही. लोखंडी मजले, त्यावर हजारोंनी कोंबड्या, सगळ्या एका वेळी बोलतायत. हवेत पिठासारखी धूळ. पण पायाशी एक कोंबडी धुळीत लोळून पंख झाडत होती, अगदी आजोळच्या अंगणातल्यासारखी. पिंजऱ्यात तिला हे कधीच जमलं नसतं. माझ्या मनात तेवढंच राहिलं, ३६ टक्के नाही.

आणि हो, चोचीची टोकं इथेही कापतात. नर पिल्लं इथेही पहिल्याच दिवशी मारतात. केज-फ्री या शब्दात ते येत नाही.

---

फ्रांकफुर्टकर
१५ एप्रिल, दुपारी २:१० (जर्मन वेळ)

नर पिल्लांबद्दल: जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून ती मारायला बंदी आहे. आता अंड्यातच नर-मादी ओळखायची यंत्रं आहेत.

युरोपात जुने पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद. त्यांच्या जागी सोयीचे मोठे पिंजरे चालतात, दर कोंबडीला ७५० चौरस सेंटिमीटर. प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो. पहिला आकडा ० म्हणजे सेंद्रिय, १ मोकळ्या रानातली, २ शेडात मोकळी, ३ पिंजरा. इथे दुकानात ३ नंबरचं अंडं मला वर्षानुवर्षं दिसलेलं नाही, कारण मोठ्या दुकानांनीच ते ठेवणं सोडलं.

पण पळवाट आहेच. सोललेल्या, फोडलेल्या अंड्यावर शिक्का कुठे मारणार? शेवया, केक, मेयोनेज यांत कुठल्या कोंबडीचं अंडं आहे ते सांगायची सक्ती नाही. आणि या रविवारी ईस्टर आहे, दुकानं उकडलेल्या रंगीत अंड्यांनी भरलीत. त्यांच्यावरही शिक्का लागत नाही. कच्च्या अंड्याचा नंबर वाचून घेणारे माझे शेजारी रंगीत अंड्यांचं खोकं बिनदिक्कत उचलतात.

---

मेघना_आयोवा
१५ एप्रिल, सकाळी ८:०५

फ्रांकफुर्टकर, पातळ अंडं! हे माझ्या कसं लक्षात आलं नाही? इथे तीस टक्क्यांच्या आसपास अंडी फोडूनच विकली जातात. पिशवीत पातळ, गोठवून, नाहीतर शिजवून घडी घातलेली. मॅकडोनाल्ड्समध्येही मफिनमधलं गोल अंडं तव्यावर फोडलेलं असतं, पण घडीचं अंडं आधीच शिजून गोठून आलेलं असतं. नाश्त्याच्या हॉटेलात तर बरंचसं ऑम्लेट पिशवीतूनच ओततात. मुलीच्या मोहिमेच्या मजकुरात याबद्दल एक शब्द नाही. आज ऑफिसात एक फाईल काढून बघते.

---

सुगरणपक्षी
१५ एप्रिल, रात्री ८:४५ (भारतीय वेळ)

पुण्याहून थोडं अवांतर, पण संबंध आहे.

अशी मोहीम भारतात साखळी हॉटेलांविरुद्ध चालवली तर हाती काय येईल? मॅकडोनाल्ड्सच्या मॅकएगसारखा एखादा पदार्थ सोडला तर या साखळ्यांत अंडं असतंच किती? मेयोनेजसुद्धा आपल्याकडे बिनअंड्याचा. भारतात २०२३-२४ साली चौदा हजार कोटींहून जास्त अंडी झाली, जगात दुसरा नंबर. ती खाल्ली कुठे? घरात, भुर्जीच्या गाडीवर, खानावळीत, काही राज्यांत शाळेच्या जेवणात. भुर्जीवाल्याच्या दारासमोर फलक घेऊन उभं राहणार का? तो प्लेट पुढे करून म्हणेल, आधी खा, मग बोल.

भाव सांगणारी एनईसीसी, म्हणजे अंडी उत्पादकांची समिती, १९८२ पासून आहे, रोजचा दर ती जाहीर करते. "संडे हो या मंडे" पाठ असलेल्या पिढीत "कोंबडी कुठे राहते?" हा प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही. विचारला तो विधी आयोगाने, २०१७ च्या २६९ व्या अहवालात. तो पूर्ण अहवालच कोंबड्यांच्या वाहतुकीवर आणि राहणीवर आहे. म्हणजे आपल्याकडे रेटा गिऱ्हाइकाकडून नाही, न्यायालयाच्या आणि सरकारच्या बाजूने आला. हात घालायचाच तर शाळांसाठी अंडी घेणाऱ्या निविदांत घालावा. तिथेही खरेदीची एकच सही असते, मेघनाताईंच्या टेबलासारखी.

---

तात्या_विटेकर
१५ एप्रिल, रात्री ९:२०

निविदेत सगळ्यात कमी दरवाल्याला काम मिळतं, सुगरणताई. पिंजऱ्याबाहेरची अट घाला, पण दर पण तसा लिहा. नाहीतर अट कागदावर आणि अंडी आमच्याच पिंजऱ्यातली.

शहरात "गावरान" म्हणून विकतात त्यातली कितीतरी साधीच असतात, चहाच्या पाण्यात बुडवून रंग चढवलेली. ओल्या फडक्यानं पुसून बघा. गिऱ्हाईक दुप्पट पैसे द्यायला तयार आहे, ताई. फक्त ज्याची कोंबडी खरंच मोकळी आहे त्याच्यापर्यंत ते पोचत नाहीत.

---

शंकासुर
१५ एप्रिल, रात्री ९:३३

तात्यांच्या या प्रतिसादाला +१. आणि जुन्या शिकागोकरांना अर्धा. नेवाडा राज्याने मात्र फेब्रुवारीत आपला केज-फ्री कायदा १२० दिवस बाजूला ठेवला, भाव चढले म्हणून. साधू पुन्हा वाणी झाला, एवढंच नोंदवतो.

---

जुना_शिकागोकर
१५ एप्रिल, रात्री १०:०२

१२० दिवसच ना? आणि आज देशातल्या साधारण ४० टक्के कोंबड्या पिंजऱ्याबाहेर आहेत. दहाच्या आत होत्या, हे तुमचंच वाक्य.

---

मेघना_आयोवा
१७ एप्रिल, रात्री १०:३०

फाईल पाहिली. आकडे लिहिणं नोकरीच्या दृष्टीने बरं नाही, एवढंच सांगते: त्या साखळीची कवचातली अंडी बऱ्यापैकी केज-फ्री झालीत. पिशवीतली अजिबात नाहीत. आणि पिशव्याच जास्त जातात.

सही केली नाही. दोन्हीकडे बसता येत नाही मला. पण फाईल न दाखवता मुलीला म्हटलं, "तुमचं वचन पाळा" असं लिहिलं की ते एक छान पत्र पाठवतील, त्यात "आम्ही वाटचाल करत आहोत" असं असेल. असली पत्रं मी स्वतः लिहिलीत. त्याऐवजी विचारा: आजच्या तारखेला शंभरातली किती अंडी केज-फ्री आहेत? पातळ आणि गोठवलेली धरून किती? पुढच्या करारात किती? आकडा मागितला की पत्र जनसंपर्कवाल्याकडून खरेदीवाल्याच्या टेबलावर येतं.

तिने मजकूर बदलला. मग मला म्हणाली, "म्हणजे हे पत्र तुझ्यासारख्याच कुणाला तरी येणार?" हो म्हटलं. तर म्हणे, "मग तू काय उत्तर देशील?"

अजून दिलेलं नाही. तिला आता शेड बघायचंय, पण बर्ड फ्लूमुळे इथे बाहेरच्या माणसाला कुणी आत सोडत नाहीये. तात्या, डिसेंबरात सांगलीला येतोय आम्ही.

---

तात्या_विटेकर
१८ एप्रिल, सकाळी ९:५० (भारतीय वेळ)

या की. पोरीला दोन्ही दाखवतो. मागं आईनं हौसेनं ठेवलेल्या चाळीस गादीवर आहेत, गावरान, त्यातल्या सहा सध्या खुडूक. चपला बाहेर काढायच्या आणि चुन्यात पाय बुडवून आत यायचं, आमच्याकडं पांढरा अंगरखा मिळणार नाही.

बाकी नंतर लिहितो. गाडी भरायची आहे आणि आज रेट पडलाय.